व्हर्नाचे खिसे

व्हर्ना स्टोल्झने आमच्या थिएटरात एकतीस वर्षं कपडेपट सांभाळला. ओहायोतल्या आमच्या गावात दर उन्हाळ्यात सहा नाटकं व्हायची, आणि त्यांतला प्रत्येक राजा, भिकारी, विधवा तिच्या हातूनच सजायची. तोंडात टाचण्या, म्हणून बोलणं कमी. हात मोकळे हवेत, म्हणून हाताला लागेल ते खिशात. रिळं, बटणं, कुणाचं घड्याळ, एकदा तर कुणाची कवळी! एका प्रयोगाला पडदा वर जायच्या क्षणी माझी मिशी सापडेना. मी कर्नल होतो, महाराज, आणि बिनमिशीचा रंगमंचावर गेलो. मिशी व्हर्नाच्या एप्रनच्या खिशात! हा किस्सा सांगून मी वर्षानुवर्षं हशा वसूल केला.

थिएटर बंद पडल्यावर ती घरीच शिवणकाम करायची. चर्चमधल्या मुलांच्या नाताळच्या नाटकाचे कपडे तर फुकट शिवायची. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, एका ऑक्टोबरात ती हातात पाकीट घेऊन माझ्याकडे आली. कोट न काढताच खुर्चीच्या कडेवर बसली.

"लायल, तू एवढे वकील केलेस नाटकांत. हे वाच."

हायवेवरच्या मोठ्या दुकानाच्या वकिलाचं पत्र होतं. माल उचलल्याबद्दल राज्याच्या कायद्याप्रमाणे दोनशे डॉलर भरपाई तीस दिवसांत द्या, नाहीतर दावा लावू. माल म्हणजे शिंपल्याच्या बटणांचं सहा डॉलरचं कार्ड. पहारेकऱ्याने तिला दारात अडवलं, कार्ड काढून घेतलं, एका कागदावर सही घेतली आणि सोडून दिलं. पोलीस बोलावले नव्हते.

"बटणं तर त्यांच्याकडेच आहेत. मग नुकसान कसलं?"

"पहारेकऱ्याचा पगार, कॅमेरे... कायदा देतो त्यांना मागायचा हक्क." मी चष्मा नाकावर ओढला आणि आवाज थेट पोटातून काढला. "बाईसाहेब, माझा सल्ला असा, की मुकाट्याने पैसे भरा. भरले की त्यांना दावा लावता येत नाही. पडदा पडला! गावात कुणाला कळणारसुद्धा नाही."

"कुणाला कळणार नाही," ती हळूच म्हणाली.

"अगं, होतं माणसाच्या हातून. तुझी पेन्शन ती केवढी! मी देतो दोनशे."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, वकील छान वठला.

"तुझे दोनशे नकोत." तिने पत्राची घडी घातली. "आणखी काही विचारायचंय तुला मला?"

"विचारायचं काय? कॉफी घेतेस?"

"नको."

तिने पैसे भरले. नाताळच्या कपड्यांसाठी दुसरं कुणी बघा, असं चर्चला कळवलं. मी फोन केला की तिचा गुडघा दुखत असायचा.

नोव्हेंबरात चर्चमधल्या जेवणाला कुणीतरी ओरडलं, "लायल, मिशी होऊन जाऊ दे!" मी उठलो, हात पसरले आणि सुरुवात केली, "आमची व्हर्ना... हाताला लागेल ते खिशात..." पुढचं वाक्य फुटेना. लोक हसले, म्हाताऱ्याला संवाद आठवत नाही म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी तिच्या दारात.

"व्हर्ना, तू ते कार्ड खिशात टाकलंस आणि विसरलीस. चोरी करायचं मनात असावं लागतं, तरच ती चोरी. आपण खरा वकील गाठू, पैसे परत मागू."

"आता?" ती म्हणाली. "न केलेल्या चोरीचे पैसे कुणी भरतं का, वेड्या? खिशात टाकून विसरले, हेच मी सांगितलं तेव्हा तो पहारेकरी म्हणाला, सगळे असंच म्हणतात. त्याचं राहू दे, तो मला ओळखत नव्हता."

मी जायला वळलो. ती तशी मायाळू, फाटकापर्यंत सोडायला निघाली. कोट चढवला, दाराला कुलूप लावलं आणि किल्ल्या खिशात टाकायला गेली. हात कापडावरून नुसताच घसरला. दोन्ही खिशांची तोंडं तिने शिवून टाकली होती. टाके इतके बारीक, की प्रेक्षकांतून कुणालाही दिसले नसते.

मी हातभर अंतरावर होतो. किल्ल्या मुठीत धरून ती फाटकापर्यंत आली.