दादाचं माप बरोबर होतं

हणमंतदादा गेल्याचं मला मोबाईलवरच्या मेसेजनं कळलं. सकाळी शेडवर बेदाण्याची निवड चालली होती आणि मी उगाच कुणावर तरी खेकसत उभा होतो. पाहुण्यांच्या ग्रुपवर ओळ आली... आष्ट्याचे हणमंतदादा आज सकाळी हृदयविकाराच्या झटक्यानं गेले. खाली लगेच जोडलेल्या हातांची रांग लागली. आमचा मामेभाऊ विलास, त्यानं लिहिलं, ‘मुक्या जिवांचा खरा कैवारी हरपला.’ वाचलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. याच विलासनं दोन वर्षांपूर्वी याच ग्रुपवर दादाबद्दल काय लिहिलं होतं ते मला तोंडपाठ आहे. पण त्याच्यावर चिडून काय उपयोग? त्यानं लिहिलं होतं ते माझ्याच तोंडून ऐकून. मी गाडी काढली, आष्टा गाठलं, खांदा दिला आणि परत आलो. त्याला आता सहा आठवडे झाले. पेपरच्या या पुरवणीत लोक गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहितात, तसं मीही दादाबद्दल चांगलंच लिहिणार आहे. माझ्याबद्दल काय ते वाचणाऱ्यानं ठरवावं.

दादा माझा मावसभाऊ, माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा. फौजेत गेला आणि तिथं श्वानपथकात लागला. सगळी नोकरी कुत्र्यांबरोबर काढली. सुट्टीवर आला की आम्ही पोरं बंदुकीच्या गोष्टी ऐकायला त्याच्याभोवती जमायचो आणि हा पठ्ठ्या आम्हाला सांगायचा, कुत्र्याचा कान कसा पुसायचा! आमचा पार हिरमोड व्हायचा. रिटायर होऊन आल्यावर बाकीचे फौजी कुठं बँकेच्या दारात, कुठं कारखान्याच्या गेटवर उभे राहिले. दादा थोडी शेती बघायचा आणि रविवारी सकाळी घराच्या ओट्यावर पोतं अंथरून बसायचा. शेजारी कापूस, दोन कंगवे, चिमटा, नखं कापायची कात्री आणि साबणाच्या पाण्याचा एक डबा. आष्ट्यातली आणि आसपासच्या गावांतली माणसं आपापली कुत्री घेऊन यायची. गोचीड काढताना तो हिसका द्यायचा नाही. कातडीलगत चिमटा धरून सरळ वर उचलायचा, डब्यात टाकायचा, की पुढची. बोटांच्या बेचक्यात, कानाच्या आत, शेपटीच्या बुडाशी... लोकांना ठाऊक नसलेल्या सगळ्या जागा त्याला ठाऊक होत्या. कुत्री त्याच्यापुढं डोळे मिटून पडायची.

आणि लोक तरी काय एकेक! सांगलीच्या एकानं बर्फातलं ते निळ्या डोळ्यांचं कुत्रं आणलं होतं आणि भर एप्रिलात पत्र्याच्या खोलीत बांधून ठेवलं होतं. एका बाईनं केसाळ कुत्र्याला खोबरेल तेल चोपडून चोपडून त्याच्या पोटाखाली जटा करून ठेवल्या होत्या. कातडी ओढली जाऊन त्या जनावराला धड बसता येत नव्हतं. एकाच्या कुत्र्याच्या कानाला घाण वास यायचा, म्हणून त्यानं कानात अत्तर सोडलं होतं. दादा शिव्या घालायचा, पण माणसाला. “आरं, कुत्रं धुणं म्हंजे मोटारसायकल धुणं न्हवं. कानात पानी ऱ्हायलं तर त्ये येऊन सांगणार हाय व्हय तुला?” लोक हसायचे, मान डोलवायचे आणि घरी जाऊन परत तेच करायचे. आपल्याकडं कुत्रं पाळायची हौस दांडगी. ते राखायचं म्हटलं की सगळ्यांच्या कपाळाला आठ्या.

मी त्याच जातीचा. ब्रुनो माझ्या घरात आला तो माझ्या मुलीच्या, मीनूच्या हट्टापायी. ती तेव्हा आठ वर्षांची होती. पहिला महिना आम्ही सगळ्यांनी त्याचे फोटो काढले. मग त्याचे केस झडायला लागले. गादीवर केस, वरणात केस, देवाच्या वस्त्रावर केस. बायको म्हणाली, आता या घरात एक तर हा राहील नाहीतर मी. नखं वाढून तो फरशीवर घसरायला लागला, पावसाळ्यात कानामागं गोचिडींचा घोस लटकला... आणि आम्ही काय केलं? दादाला फोन केला. दादा पिशवी घेऊन एसटीनं तासगावला यायचा, ब्रुनोला घासूनपुसून लख्ख करायचा, जेवायचा आणि परत जायचा. मीनूला त्यानं शिकवलं होतं, कुत्र्याच्या हिरड्या कशा बघायच्या आणि पाठीवरचे केस उलटे फिरवून पिसवा कशा शोधायच्या. “काका, काका” करत ती त्याच्या मागं असायची.

आता मुद्द्याचं. आमच्या तासगावात पाहुण्याच्या ओंजळीत बेदाणे घातल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. देवाला बेदाणे, पोरांच्या खिशात बेदाणे, साहेबांच्या घरी बेदाण्याचा पुडा. माझा तर धंदाच तो. मग घरच्या कुत्र्यालाच का नको? मी येताजाता ब्रुनोपुढं दोन-चार टाकायचो. दादानं पहिल्याच खेपेला ते बघितलं आणि माझा हातच धरला. म्हणाला, “सुऱ्या, ह्ये बंद कर. द्राक्षं, बेदाणं कुत्र्याची किडनी खातात. समद्यांना बाधतंच आसं न्हाई, पर कुणाला कवा बाधंल त्ये सांगता येत न्हाई.” मी हसलो. म्हणालो, “दादा, आमच्या तीन पिढ्या हेच खातात.” “तू खा की पोतंभर! तू काय कुत्रं हायस?” सगळे हसले, मीसुद्धा हसलो. त्यानंतर दादाच्या देखत मी कधी बेदाणे टाकले नाहीत. फक्त त्याच्या देखत.

दिवाळीच्या आधी गोचिडी फार झाल्या म्हणून दादा औषध आणि आपली बादली घेऊन आला. बादलीत आतनं ओढलेल्या खुणेपर्यंत पाणी, त्यात बाटलीच्या टोपणानं मोजून औषध. अंगणात त्यानं ब्रुनोला डोक्यापासून शेपटीपर्यंत धुतलं आणि वाळेपर्यंत दोन तास त्याच्या गळ्यातला पट्टा धरून उन्हात बसून राहिला, कारण ओलं अंग चाटू द्यायचं नसतं. जेवायलासुद्धा उठला नाही. मीनूनं त्याला तिथंच ताट नेऊन दिलं. तो गेल्यावर संध्याकाळी ब्रुनो माझ्यापाशी येऊन बसला. अंग कसं चकाकत होतं. मला त्याचं फार कौतुक वाटलं. माझ्या पिशवीत नमुन्याचा पुडा होता, हिरवा, लांब मणी, उत्तम माल. मी तो फोडला. एक मूठ दिली, दुसरी दिली आणि उरलेला सगळा पुडा त्याच्या ताटलीत ओतला. घरात हे कुणी बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात उलटी पडली होती. तिच्यात फुगलेले बेदाणे होते... मी पाइप लावला आणि बाकीचे उठायच्या आत सगळं धुऊन काढलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मग दादाला फोन केला. त्यानं पहिला प्रश्न काय विचारला असेल? “बेदाणं दिलंस का काय?” मीनू माझ्या शेजारी उभी होती, ब्रुनोचं डोकं मांडीला धरून. मी म्हणालो, नाही. “नक्की?” “नाही म्हणतोय ना!” वर आणि मीच आवाज चढवला. मग तो म्हणाला, “बरं. तू न्हाई म्हणतोस म्हंजे न्हाई. मग माझंच कायतरी चुकलं आसंल. साध्या पान्यानं आंघूळ घाल त्याला, मी येतोच.” आणि आम्ही आंघोळ घालत बसलो. विष पोटात, आणि आम्ही पाठीवर पाणी ओततोय! दुपारी त्याला सांगलीला डॉक्टरांकडं नेलं, तेव्हा दादा औषधाची बाटली हातात घेऊन माझ्या शेजारी उभा होता. डॉक्टरांनीही तेच विचारलं. मी परत नाही म्हणालो. रक्त तपासून ते म्हणाले, किडनी गेली आहे, कशानं ते आता सांगता येणार नाही. औषध चाटलं असेल तर... असं काहीतरी म्हणून त्यांनी खांदे उडवले. तिसऱ्या दिवशी ब्रुनो मेला.

का खोटं बोललो? लोकांना सांगायला कारण आहे, मुलगी शेजारी होती, तिला काय वाटलं असतं. पण खरं कारण ते नव्हे. दादानं बजावलं होतं आणि तरी मी केलं होतं. मला त्याच्यापुढं तोंडावर पडायचं नव्हतं. एवढंच. मग घरी येणारे विचारायला लागले, काय झालं हो? मी म्हणायचो, दादानं औषध लावलं होतं, त्यानंतर बिघडलं. यातला एक शब्दही खोटा नव्हता, बघा! विलासनं ते ग्रुपवर टाकलं... ‘गोचिडीचं औषध जास्त झाल्यानं सुरेशचा ब्रुनो गेला, ज्याचं काम त्यानंच करावं, सर्वांनी काळजी घ्यावी.’ मी त्याखाली जोडलेले हात टाकले. ग्रुपमध्ये दादाही होता. त्यानं काहीच लिहिलं नाही. आष्टा काही लांब नाही, तिथं ही बातमी पोचायला दोनच दिवस लागले. पुढच्या रविवारी ओट्यावर कुणी आलं नाही. त्याच्या पुढच्या रविवारी दोघं आले, तर दादानंच त्यांना परत पाठवलं.

शेवटची भेट साताऱ्याची, गेल्या उन्हाळ्यातली, एका लग्नात. मंगल कार्यालयाच्या मालकाचं छोटं पांढरं कुत्रं सारखं डोकं झटकत होतं, पायानं कान खरवडत होतं. कुणीतरी म्हणालं, अहो, हे हणमंतराव फौजेत कुत्र्यांच्याच पथकात होते, दाखवा की यांना. मालक कुत्रं उचलून दादापुढं घेऊन आले. दादानं दोन्ही हात पँटच्या खिशात घातले. म्हणाला, “मी आता हात लावत न्हाई. डाक्टरकडं न्या.” मी ताट घेऊन दोन पावलांवर उभा होतो, तोंडात जिलबी. मीनू तिच्या आईच्या मागं सरकली. दादानं ते बघितलं. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, “सुऱ्या, पोरगी अजून बोलत न्हाई माझ्यासंगं. बरोबर हाय तिचं.” तेव्हा मला सगळं सांगता आलं असतं. दोन वाक्यांचं काम होतं. मी काय म्हणालो माहीत आहे? “जाऊ दे दादा, विसर आता.” म्हणजे मी त्याला माफ केलं! केवढा मोठ्या मनाचा माणूस मी...

त्याचं हृदय कशानं बंद पडलं ते डॉक्टरांनी सांगितलं आहे, साखर होती, दाब होता. मी माझ्यामुळं म्हणणार नाही, तेवढं मोठेपण घेण्याचीही माझी लायकी नाही. दिवस झाल्यावर, घरातली गर्दी ओसरल्यावर मी एकटाच आष्ट्याला गेलो आणि दादाच्या बायकोला, शालनवैनींना सगळं सांगितलं. नमुन्याचा पुडा, उलटी, पाइप, फोन. त्या लसूण सोलत होत्या. सोलायच्या थांबल्या नाहीत. माझं झाल्यावर म्हणाल्या, “मला कशाला सांगताय भावजी? मी का तुमाला इचारलं हुतं? ज्यानं इचारलं त्याला सांगायचं.” त्या उठल्या आणि मला मोरीत घेऊन गेल्या. तिथं एकात एक घातलेल्या तीन प्लॅस्टिकच्या बादल्या होत्या. तिन्हींना आतनं ब्लेडनं रेघ ओढलेली. वैनी म्हणाल्या, “तवापास्नं ह्येच चाललं हुतं. लिटरच्या मापानं पानी मोजून वतायचं आन रेघ बघायची. म्हणायचे, बरोबर तर येतंय. मग म्हणायचे, बादलीच खोटी आसंल, न्हवी आणा. मग टोपणाचा संशय. मग सांगलीला जाऊन डोळं तपासून आले, न्हवा चष्मा केला. परत मोजलं. परत बरोबर. मी म्हटलं, आवं, मग सोडा की आता. तर म्हणायचे, सुऱ्या खोटं कशाला बोलंल?”

बादलीवर त्याचा संशय गेला, टोपणावर गेला, स्वतःच्या डोळ्यांवर गेला. माझ्यावर गेला नाही.

निघताना वैनींनी वरची बादली माझ्या हातात दिली. “न्या. हितं आता तीन-तीन कशाला?” त्यांच्या आवाजात राग नव्हता, मला तो हवा होता. मी बादली घेऊन घरी आलो. मीनू आता अकरा वर्षांची आहे. तिनं आत वाकून विचारलं, ही रेघ कसली? मी तिला खाली बसवलं आणि सांगितलं. तिनं रडून घर डोक्यावर घेतलं असतं तर बरं झालं असतं. तिनं एकच विचारलं, “मग काकांना शेवटी कळलं का?”

मी म्हणालो, नाही.

ती उठून आत गेली. ज्यांनी दादाच्या ओट्याकडं जायचं सोडलं त्यांच्यासाठी हे लिहून झालं, तिच्यासाठी काय लिहू ते मला सुचलेलं नाही. बादली मोरीत आहे. मीनू आंघोळीला दुसरी घेते.