अण्णांची पिकअप आणि माझी सांडशी

"श्श! बोलतीय ती."

अण्णा असं म्हणाले की समोरच्यानं गप्प व्हायचं. एक बोट ओठांवर, डोळे मिटलेले आणि कान पिकअपच्या बॉनेटला लावलेला. तुम्ही दुधाची पिशवी घेऊन घाईत असा, नाहीतर वर पाहुणे खोळंबलेले असोत, गाडीचं बोलणं संपेपर्यंत पार्किंगमधून हलायची सोय नाही. एकदा मी न राहवून विचारलं, "काय म्हणतीये?"

डोळे न उघडता अण्णा म्हणाले, "पित्त झालंय म्हनती."

आमची सोसायटी वारज्यात. मी पहिल्या मजल्यावर राहते आणि माझ्या स्वयंपाकघराची खिडकी बरोब्बर पार्किंगवर उघडते. त्यामुळे जे सांगतेय ते डोळ्यांनी पाहिलेलं आहे, ऐकीव नाही. ही इमारत उभी आहे ती जमीन अण्णांची. इथली मेथी-कोथिंबीर याच पिकअपमधून मार्केट यार्डात जायची. मग इमारत आली, अण्णांना फ्लॅट मिळाले, मेथी गेली. "रान गेलं, बैलं गेली. ही तेवढी सोबत हाय," असं अण्णा म्हणायचे, आणि डोळ्यांतलं पाणी कुणाला दिसू नये म्हणून वाकून टायरातली हवा बघायचे. हवा नेहमीच कमी असायची.

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेलच, ज्याच्यापुढे मेकॅनिकचं नाव काढलं की आईवरून शिवी दिल्यासारखा बघतो. अण्णा त्यातले. मी म्हटलं, "अहो अण्णा, गॅरेजला टाका की एकदा."

"वैनी, आपल्या लेकराला कोन दुसऱ्याच्या हातनं न्हाऊ घालतं का?"

"घालतात की. बाळाला न्हाऊ घालायला बाई ठेवतातच."

"ती बाई असती. मेकॅनिक असतोय का?"

मी कपाळावर हात मारून घेतला.

रेडिएटर गळायला लागला तेव्हा अण्णांनी त्यात वाटीभर हळद टाकली. जुने ड्रायव्हर टाकतात म्हणे, हळद भोकात बसते आणि गळती थांबते. थांबलीही. पण गाडी तापली की अशी काही खमंग पिवळी वाफ निघायची, की तिसऱ्या मजल्यावरून लोक विचारायचे, आज पार्किंगमध्ये कुणाकडे पिठलं आहे? मागच्या हौद्याचा पत्रा कुजला, तर त्याला तेलाचा डबा कापून ठिगळ लावलं. डब्यावरचं सूर्यफूल वर येईल असं, मुद्दाम. डावीकडे वळलं की हॉर्न आपोआप वाजायचा. तो कधी दुरुस्त केला नाही. "दोन कामं एकात हुत्यात, बिघडलं कुठं?"

आणि इंजिन उघडून परत बसवलं की दर वेळी ओंजळभर नटबोल्ट शिल्लक राहायचे. मी खिडकीतून ओरडायचे, "अण्णा, हे कुठले राहिले?"

"जास्तीचे हायेत. कंपनीवाले भित्रे असत्यात, दोन-चार उगीच लावत्यात."

या सगळ्याचा ज्यांना मनापासून राग यायचा ते आमचे सेक्रेटरी. निवृत्त अधिकारी, इस्त्रीचा शर्ट, आणि आवाज कधीही न चढवता माणसाचा पाणउतारा करणारी जीभ. फरशीवरचे तेलाचे डाग बघून ते एकदा म्हणाले होते, "अण्णा, आपण रांगोळी छान काढता. फक्त रोज काढू नका." शेवटी सोसायटीच्या सभेत त्यांनी विषय घेतलाच. धड चालत नसलेली गाडी पार्किंगमध्ये नको. भंगारात द्या.

अण्णा उठून उभे राहिले. चेहरा पडलेला, पण आवाज खणखणीत. "दसऱ्याला हिला घेऊन सीमोल्लंघन करनार. गेटाबाहेर जाईल आणि सोताच्या पायानं परत येईल. न्हाई आली तर दुसऱ्या दिवशी तुमच्या हातानं भंगारात घाला. मी आड येनार न्हाई."

सगळ्यांनी माना डोलावल्या. सेक्रेटरींनी तिथल्या तिथे भंगारवाल्याला दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी यायला सांगून टाकलं. आणि त्या दिवसापासून मला, जिला त्या गाडीच्या धुरानं रोज खोकला यायचा, झोप लागेना. अहो, गाडी गेली असती तर हा माणूस सकाळी उठून कान कशाला लावणार होता?

दसऱ्याच्या सकाळी अण्णांनी पिकअप घासूनपुसून नवरीसारखी सजवली. झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू. शेजारी पाट मांडून त्यावर सगळी हत्यारं: पाने, हातोडी, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, जॅक. प्रत्येकाला हळदकुंकू, प्रत्येकावर फूल. अण्णांच्या घरची रीत कडक. पूजलेल्या हत्याराला दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही, वर्षातून एकदा त्यालाही विसावा. नारळ फुटला, अण्णा ऐटीत आत बसले आणि चावी फिरवली.

काही नाही. खट्ट सुद्धा नाही.

अण्णांनी बॉनेट उघडलं. बॅटरीची वायर ढिली. एक नट पिळला की काम झालं. त्यांचा हात सवयीनं पाटाकडे गेला, आणि वरच्या बाल्कनीतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "हात लावायचा न्हाई हां! पूजा झालीय."

अण्णांचा हात तसाच हवेत. उत्साहाच्या भरात त्यांनी घरातला एकूण एक पाना पाटावर मांडला होता. एक बाहेर ठेवावा एवढी साधी अक्कल नको? पण तुम्हाला सांगते, खालच्या गर्दीतल्या एकालाही हसता आलं नाही, कारण प्रत्येकाच्या घरी तीच कथा. सेक्रेटरींकडे सगळ्यांनी पाहिलं. ते घसा खाकरून म्हणाले, "माझाही पाना देवापुढेच आहे."

अण्णा पायरीवर मटकन बसले. एवढा धिप्पाड माणूस, पण शाळेत नापास झालेल्या पोरासारखा दिसायला लागला. मला ते बघवेना. मी वर धावले आणि ओट्यावरची सांडशी घेऊन खाली आले.

"ही घ्या. हिनं पिळा."

लगेच वाद. कुणी म्हणालं, सांडशी म्हणजे पक्कडच की, हत्यारच झालं. सेक्रेटरींना चूक खपत नाही, मग ती कुणाच्या बाजूची का असेना. ते पुढे सरसावले. "सांडशी हत्यार नव्हे. ते स्वयंपाकाचं साधन आहे. ज्याला धार, ते हत्यार."

"मग हातोडीला कुठं धार असते?" मी म्हटलं.

"हातोडी मारता येते."

"सांडशी फेकून मारता येते. हवं तर दाखवते."

शेवटी निवाडा बाल्कनीतून आला. "सांडशी चालंल. पन वैनींची. आपली पूजलीय."

भातुकलीतलं लग्न लावावं तसे सगळे बॉनेटभोवती गोळा झालो. सांडशी दोनदा घसरली, तिसऱ्यांदा तिनं नट धरला. बॅटरीत मात्र जीव नव्हता, म्हणून धक्का मारायचं ठरलं. रेशमी झब्बा घातलेले सेक्रेटरी सगळ्यांत मागे लागले, म्हणजे बरोबर धुराच्या तोंडाशी. गाडी खोकली, थरथरली आणि सुरू झाली! सेक्रेटरी नखशिखांत काळे. पिकअप गेटाबाहेर गेली आणि आम्ही टाळ्या पिटल्या.

पण परत कुठे येते?

बऱ्याच वेळानं लांबून हॉर्न ऐकू आला. गेटाच्या तोंडाशी नेमका पाण्याचा टँकर येऊन उभा. पिकअप तशीच पुढे निघाली आणि खिडकीतून अण्णांचा आवाज आला, "थांबली तर बंद पडंल!" चौक फिरून पुन्हा आली. "टँकर हलवा ओ!" पुन्हा गेली. पुढच्या फेरीला, "डिझेल संपत आलंय!" प्रत्येक फेरीला एकेक वाक्य, आणि अण्णांचा चेहरा आणखी रडवेला. वर बाल्कनीत त्यांची बायको गजाननाचा धावा करत होती. टँकरवाला मात्र निवांत, बिडी ओढतोय.

तेव्हा काळेठिक्कर सेक्रेटरी रस्त्यावर धावले आणि आयुष्यात पहिल्यांदा ओरडले, "अहो, काढा तो टँकर! दिसत नाही? आमची गाडी येतीये!"

आमची! मी स्वतःच्या कानांनी ऐकलं.

टँकर हलला. पिकअप आत आली, आपल्या जागेवर पोचली आणि अण्णांनी चावीला हात लावायच्या आधीच बंद पडली. अण्णा उतरले ते ढसाढसा रडतच. सेक्रेटरींनी त्यांच्या हातात आपट्याचं पान ठेवलं आणि आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाले, "राहू दे तिला. आपण रांगोळी तेवढी लहान काढा."

पुढचा दसरा अण्णांनी पाहिला नाही. पावसाळ्यात एके सकाळी चहा ठेवायला सांगून पुन्हा जरा आडवे झाले, ते उठलेच नाहीत. पिकअप उभीच राहिली. हिंजवडीत नोकरीला असलेला त्यांचा मुलगा काही दिवस रोज चावी फिरवून बघायचा, पण ती हूं की चूं करायची नाही. शेवटी तो आईला म्हणाला, देऊन टाकूया. बाई म्हणाल्या, "दे. ती त्यांचंच ऐकायची. माझं कुठलं ऐकतीय?"

भंगारवाला ओढून न्यायला जाड दोर घेऊन आला. आम्ही सगळे खाली. त्याच्या माणसानं आपल्या टेंपोतली बॅटरी जोडली, दोर बांधायच्या आधी सहज म्हणून चावी फिरवली आणि पिकअप पहिल्या झटक्यात सुरू झाली. धूर नाही, खोकला नाही. मऊ, शहाण्या मुलीसारखी गेटाकडे निघाली.

सेक्रेटरी तिच्या बरोबरीनं चार पावलं चालले. बॉनेटवर थाप मारली, आणि माणसांशी कधी बोलले नसतील अशा आवाजात म्हणाले, "इतकी वर्षं त्याचा जीव खाल्लास. आजच बरी शहाण्यासारखी निघालीस गं?"