धक्क्यावरची बाई

माझं माहेर खाडीच्या काठावर आणि सासर दुष्काळी भूम तालुक्यात, ईट गावी. नवरा आमच्या गावी जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक होता. लग्नानंतर तीन वर्षांनी त्याला आंतरजिल्हा बदली मिळाली आणि आम्ही त्याच्या घरी आलो. इथं ओढ्याला पाणी आलं तर लोक बघायला जातात. सुरुवातीला मला खाडीवरच्या ओल्या वाऱ्याची इतकी आठवण यायची, की आंघोळ झाल्यावर मी ओला टॉवेल तोंडावर धरून बसायचे.

मग वाचनालय सापडलं. ग्रामपंचायतीच्या मागची एक खोली आणि चार कपाटं. किनाऱ्याकडची काही पुस्तकं आहेत का, असं मी तिथल्या ग्रंथपालांना एकदा सहज विचारलं. त्यांनी ते मनावर घेतलं. दरवर्षीच्या खरेदीत ते त्या मुलखावरची दोन-तीन पुस्तकं आणायला लागले. जलदुर्ग, जुनी बंदरं, होळीत घरोघर नाचणारे खेळे, मिठागरं, काहीही. त्यांतली निम्मी मी सोडून कुणी उघडली नसतील.

खरं तर मी आणि सासूबाईंनी. इकडे सासूला आत्या म्हणतात, म्हणून मीही आत्याच म्हणते. त्यांना अक्षरओळख नाही, पण ऐकायचा नाद मोठा. दुपारी त्या तुरीची डाळ निवडायला बसायच्या आणि मी मोठ्यानं वाचायचे.

"भरतीला पानी येतंय कुठनं गं?" त्यांनी एकदा विचारलं.

मी चंद्राचं कारण सांगितलं.

"मग आमच्या हिरीला काय चंद्र दिसत न्हाय व्हय?" त्या म्हणाल्या, आणि डाळीतला खडा उचलून बाहेर टाकला.

गेल्या हिवाळ्यात ग्रंथपालांनी एक जाड पुस्तक माझ्या हातात ठेवलं. नोकरीतून निवृत्त झालेला एक माणूस आमच्याच खाडीच्या दोन्ही काठांनी पायी फिरला होता आणि लोकांशी बोलून त्यानं सगळं लिहून काढलं होतं. माझ्या गावाचं नाव छापलेलं बघून मी रस्त्यातच उभी राहून पानं चाळली.

चौथ्या की पाचव्या दिवशी होडीवरचं प्रकरण आलं. पूल नव्हता तेव्हा खाडी होडीनं ओलांडावी लागायची. अकरावी-बारावीची दोन वर्षं मी रोज त्याच होडीनं पलीकडच्या कॉलेजला गेले. त्या प्रकरणात एका बाईचा फोटो होता. केस पांढरे झालेले, पण मी लगेच ओळखलं.

"आत्या, हिला मी ओळखते," मी पुस्तक त्यांच्यापुढे धरलं. "पलीकडच्या धक्क्यावर ही तिकिटं फाडायची. मला म्हणायची, मधे बस गो, कडेस नको. एकदा माझी चप्पल पाण्यात पडली, तर हिनं स्वतःची दिली होती."

"वाच की मग. काय लिवलंय तिचं?"

मी वाचायला लागले. ती मूळची अलीकडच्या काठावरची. होडी चालवणाऱ्या माणसाशी लग्न केलं. त्याची जात वेगळी होती. त्या दिवशी घरच्यांनी तिच्या नावानं आंघोळ केली. इथपर्यंत माझा आवाज नीट होता. पुढच्या ओळीत होतं, की ती अलीकडच्या गावातल्या पोस्टमास्तरांची धाकटी बहीण.

मला कळायला लागल्यापासून आमच्या गावात एकच पोस्टमास्तर होते. माझे बाबा.

"का गं थांबलीस?"

मी ती ओळ परत वाचली. मग मनातल्या मनात आणखी एकदा. बाबांना एकच बहीण होती, आणि मी पाळण्यात असताना ती तापानं गेली, असं मला लहानपणापासून सांगितलेलं होतं. सर्वपित्रीला तिच्या नावाचं पान वाढलं जायचं. ते पान कावळ्यांसाठी पडवीच्या कौलांवर ठेवायला मीच जायचे. आणि त्याच वर्षांत, सकाळी पावणेसात वाजता, ती मला हात धरून होडीतून उतरवून घेत होती.

"आत्या, ही माझी आते आहे," मी म्हणाले. आमच्याकडे बापाच्या बहिणीला आते म्हणतात.

"मेलेली?"

"व्हय." माझ्या तोंडून त्यांचाच शब्द गेला.

सासूबाईंनी सूप बाजूला ठेवलं. त्या फोटोवर वाकल्या आणि म्हणाल्या, "आईला फोन लाव तुझ्या."

आईनं फोन घेतला. मी पुस्तकातलं सांगितलं. तिकडे दार लोटल्याचा आवाज आला.

"हळू बोल," ती म्हणाली. "बाबा ओटीवर आहेत."

"म्हणजे खरंय?"

"खरंय गो."

"सगळ्या गावाला माहीत होतं?"

"गावाला कसं नसेल? पण तुमच्यापुढे कुणी बोलायचं नाही, असं तुझ्या आजोबांनी सगळ्यांना बजावलेलं. ते गेल्यावर बाबांनी तेच चालवलं." मग ती आणखी हळू आवाजात म्हणाली, "बाबा तुला एसटीनं वळसा घालून कॉलेजला पाठवणार होते. मीच हट्ट धरला होडीचा. तिला तुला बघायचं होतं."

फोन कधी बंद झाला ते कळलं नाही. रडू येत नव्हतं. डोक्यात ती रबरी चप्पल फिरत होती. निळ्या पट्ट्यांची, मला दोन बोटं मोठी. ती मी परतसुद्धा केली नव्हती.

साडेपाचला नवरा शाळेतून आला. मी पुस्तक उघडून त्याच्यापुढे ठेवलं. त्यानं फोटो बघितला, मजकूर वाचलाच नाही. तेवढ्यावरून मला समजलं.

"तुला माहीत होतं?"

तो बूट काढत होता, तसाच थांबला. "लग्न ठरलं तेव्हा तुझ्या बाबांनी मला बोलावून सांगितलं. आमच्या घरातली एक गोष्ट आहे, तुम्हाला बाहेरून कळण्यापेक्षा मी सांगतो, म्हणाले. आणि तुझ्याकडे हा विषय काढणार नाही, असा शब्द घेतला."

"आणि तू चौदा वर्षं गप्प बसलास."

"शब्द दिला होता."

सासूबाई दारातूनच म्हणाल्या, "शब्द सासऱ्याला दिलास. संसार कुणासंगं करतुस?" त्यानं बूट काढून भिंतीला लावले.

मी त्याच्याशी नऊ-दहा दिवस बोलले नाही. जेवण वाढायचे, डबा द्यायचे, मुलांच्या शाळेचं सांगायचे, तेवढंच. आईपेक्षा आणि बाबांपेक्षाही त्याच्या गप्प बसण्याचा मला जास्त धक्का बसला होता. त्यांनी मला लहान समजून लपवलं असेल. याच्या शेजारी बसून मी कितीदा माझ्या मेलेल्या आतेबद्दल बोलले होते, आणि हा ऐकून घेत होता.

आतेचा नंबर आईकडेच होता. तो मागून घेऊनही फोन करायला मला आठवडा लागला. काय म्हणून बोलायचं, तेच सुचत नव्हतं. शेवटी सासूबाईंनी फोन माझ्या हातात दिला आणि त्या समोरच बसून राहिल्या.

"मी ईटहून बोलतेय," मी म्हणाले.

"आवाज ओळखला," पलीकडून उत्तर आलं. "जाड झालाय थोडा. पोरं बरी आहेत?"

जणू मी कालच होडीतून उतरले होते. तिला माझ्या मुलांची नावं माहीत होती, थोरल्याला कावीळ झाली होती तेही माहीत होतं. मला तिचं नाव सोडून काहीच माहीत नव्हतं. नवरा जाऊन सहा वर्षं झाली, हे तिनंच सांगितलं. मूलबाळ नाही, हेही.

मेच्या सुट्टीत आम्ही गेलो. नवऱ्यानं स्वतःहून गाडी आधी पलीकडच्या काठाला घेतली. तोवर आमचं बोलणं सुरू झालं होतं, पण पूर्वीसारखं अजून नाही. आते दारातच उभी होती. तिनं माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. मग आत जाऊन भात चढवला. घरात पाट-पाणी करताना तिचं वाकणं, पदर खोचणं थेट माझ्या आजीसारखं होतं. दोन वर्षं रोज समोर असून मला ते दिसलं कसं नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

दुपारनंतर पुलावरून माहेरी आलो. बाबा ओटीवर होते.

"कुठून आलात? उशीर झाला."

"आतेकडे जेवलो," मी सांगितलं.

आई दारातच थबकली. बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि वर्तमानपत्र उचललं. पुढचे तीन दिवस ते मुलांशी बोलले, जावयाशी बोलले. माझ्याशी नाही.

निघायच्या सकाळी मी पाया पडायला वाकले, तेव्हा त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि विचारलं, "गुडघ्याला काय लावते ती? उजवा गुडघा लई दिवस धरलाय म्हणे तिचा."

जावयाच्या तोंडचा 'लई' त्यांनी कधी उचलला होता, कोण जाणे. आईकडे बघितलं, तर तिलाही हे नवीन होतं. चाळीस वर्षं ज्या बहिणीला मेलेली म्हटलं, तिचा कुठला गुडघा दुखतो हे या माणसाला ठाऊक होतं.

"विचारून सांगते," मी म्हणाले.

"माझं नाव काढू नकोस," बाबा म्हणाले आणि आत गेले.

पुलाच्या मधोमध मी गाडी थांबवायला लावली आणि आतेला फोन केला. नाव काढायचं नाही, हे मी पाळलं नाही. बाबांनी विचारलं ते जसंच्या तसं सांगितलं.

"तिळाचं तेल लावते," ती म्हणाली. "पण उजवा, हे त्याला कुणी सांगितलं?"