दहा जाकिटं, अकरावी काकू

आमची कुलदेवी समुद्रातल्या गुहेत आहे. कोकणात, आमच्या मूळ गावच्या कड्याखाली. ओहोटी लागली की गुहेचं तोंड उघडतं, होडी आत जाते आणि भरती चढायच्या आत ओटी भरून परत फिरावं लागतं. कित्येक वर्षांत आमच्यातलं कोणी तिकडे फिरकलेलं नव्हतं. यंदा जायचं निघालं ते धाकट्या काकूमुळे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे सगळे हे सोयीस्कर विसरले.

काका हॉस्पिटलात होते तेव्हा काकू नवस बोललेली. हे स्वतःच्या पायांनी घरी आले, तर तुझ्या गुहेत येऊन तुला हिरवी साडी नेसवीन. काका आले. टिटवाळ्याच्या घराचा जिना स्वतः चढले. पुढे वेगळ्याच दुखण्याने गेले, पण मध्ये दोन उन्हाळे माणसासारखे जगले. काकूचं म्हणणं साधं होतं. देवीने तिचा शब्द पाळला, आता माझा राहिलाय.

होळीनंतरच्या रविवारी मोठ्या काकांच्या डोंबिवलीच्या फ्लॅटवर बैठक बसली. मी ठाण्याहून गेलेले, सकाळी माजिवड्याला पत्रकं वाटून. नवरा गेला म्हणून बाईचा मान काढून घेणाऱ्या प्रथा बंद करा, असं पत्रक. उरलेला गठ्ठा झोळीतच होता. काकू माझ्याआधी पोचलेली. मांडीवर कल्याणच्या दुकानाची पिशवी, पिशवीत साडी.

चुलतभावाने होडीवाल्याला फोन लावून स्पीकर चालू केला.

"धा माणसां," पलीकडून आवाज आला. "जाकिटां धाच आसत."

"अकरावं बसेल ना कोपऱ्यात?"

"बसात. बुडाला तर तुमी काढतलात?"

फोन ठेवला. आम्ही अकरा होतो.

"एक जण कटाप," चुलतभाऊ म्हणाला आणि मोबाइलमध्ये बघू लागला.

आमच्या घरात विधवा हा शब्द कोणी तोंडातून काढत नाही. आम्ही शिकलेली माणसं. आम्ही गुडघे म्हणतो.

"हिच्या गुडघ्यांचं काय?" आत्या म्हणाली. "होडीतून कमरेएवढ्या पाण्यात उतरायचं असतं."

"रोज स्टेशनचा पूल चढते मी, वन्सं."

"ऊन बाधतं गं. बीपी वर गेलं म्हणजे?"

"बीपी तुम्हाला आहे."

मला हसू आलं. माझी आई खाली बघून बशीतला चहा फुंकत राहिली. तो केव्हाच गार झालेला.

"आणि नवस म्हणशील," आत्याने आवाज मऊ केला, "तर ज्याच्यासाठी बोललीस तो माणूसच नाही राहिला. आता कसला नवस?"

काकू पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली.

मी म्हटलं, "आत्या, सरळ बोल ना. तिने ओटी भरलेली तुला चालत नाही."

"झालं हिचं भाषण सुरू!" मोठे काका म्हणाले. "हे बघ, आपण कोण ठरवणार? कौल लावू. देवीच सांगेल."

कौल म्हणजे देवीच्या मुखवट्याच्या दोन्ही गालांवर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गावाला हे गुरव करतो. डोंबिवलीत मोठ्या काकांनी बर्म्युडावर उपरणं टाकलं आणि देव्हाऱ्यातला मुखवटा टीपॉयवर आणून ठेवला.

"धाकट्या सुनेनं यावं का, आई?"

उजवी पाकळी तत्क्षणी पडली. हात मागे घ्यायचीही वाट बघितली नाही तिने.

काकूने डोळे मिटून हात जोडले. तिचा चेहरा असा मोकळा झालेला मी काका गेल्यानंतर पहिल्यांदा बघितला. जेमतेम तेवढाच वेळ बघायला मिळाला.

"पंखा चालू आहे," आत्या म्हणाली.

"असा कौल धरत नाहीत," मोठे काका म्हणाले. त्यांनी स्वतः उठून पंखा बंद केला, खिडक्या लावल्या, पाकळ्या पुन्हा चिकटवल्या. पुन्हा उजवी पडली. या वेळी पाणी कमी लावलेलं होतं म्हणे. तिसऱ्या वेळी त्यांनी उजवी अंगठ्याने चांगली दाबून बसवली. आम्ही बघत होतो. सगळे बघत होतो, कोणी लपूनछपून केलं नाही. मग बंद खोलीत घाम पुसत बसलो, आणि शेवटी डावी पाकळी सुकून खाली आली.

"बघ," आत्या काकूला म्हणाली. "तिचीच इच्छा नाही. वाईट नको वाटून घेऊ."

मी उभी राहिले. "मी येत नाही. माझं जाकीट काकूला द्या. आता झाले दहा."

 मला वाटलं, अडकले. आकडाच आड येत होता ना? घ्या, काढला आकडा.

चुलतभावाने मान वर केली. "मग फोटोवाला नेऊया? आपल्या ओळखीतला आहे. ड्रोनपण आणेल."

"चालेल की," मोठे काका म्हणाले.

एवढ्यावर ठरलं. फोटोवाल्याचे गुडघे कोणी विचारले नाहीत. कौलही लावला नाही. आमच्या देवीच्या गुहेत ड्रोन चालतो, काकू चालत नाही.

काकूने पिशवी टीपॉयवर ठेवली. "निदान साडी तरी न्या. माझं नाव नका घेऊ."

आत्याने बोटाने पिशवी बाजूला सारली. "आम्ही तिथेच घेऊ गं दुसरी. ही राहू दे. तुला तर हिरवी आता नेसता यायची नाही. कामवालीला दे, खूश होईल."

मी आईकडे बघितलं. आई म्हणाली, "चहा टाकू का परत?"

काकू उठली. पिशवी उचलली आणि दारात चपला घालता घालता म्हणाली, "भाऊजी, आता पंखा लावा. देवीचं बोलून झालं असेल तर."

रिक्षात मी तिला म्हटलं, आपण दोघीच जाऊ, वेगळी होडी करू, बघू कोण अडवतो. बरंच बोलले. ती बाहेर बघत होती.

"दोनदा हो म्हणाली ना ती?" काकू म्हणाली. "मग तिसऱ्या वेळी का गप्प बसली? तीही आपल्याच घरातली." तिने पिशवी माझ्या झोळीत, पत्रकांच्या गठ्ठ्यावर कोंबली. "मोर्च्याला फलक कर हिचा. हिरवा लांबून दिसतो. मला नको ती आता."

"साडी?"

"देवी गं."

सहल उत्तम झाली. घरच्या ग्रुपवर फोटो आले, काकूही त्या ग्रुपवर आहे. एका फोटोत होडी गुहेच्या तोंडाशी आहे आणि सगळे हात हलवतायत. आमचे मोजले तर नऊ. दहावा खडकावर उतरून फोटो काढत होता. त्याच्या जागेवर, फळीवर, त्याने उकडतंय म्हणून काढलेलं नारिंगी जाकीट पडलंय. शेजारी आत्या ऐसपैस बसलीय.

खाली काकूने अंगठा टाकला होता.