खंडूचा गाळा

मुलुंडला माणिकशेठच्या कारखान्यात दारं-खिडक्यांच्या बिजागऱ्या बनत. पत्रा ज्या साच्यात कापला जाई, ती डाय बनवायचं काम खंडूचं. नगरकडून आलेला हा माणूस बारा वर्षांत असा तयार झाला होता, की त्यानं डाय बसवली की माल केसभरही हुकत नसे.

साठीचं दशक सरत आलं होतं. सरकारनं ठरवलं, काही वस्तूंचं उत्पादन फक्त लहान कारखान्यांनीच वाढवायचं. मोठ्यांनी आहे तेवढंच करायचं. त्यात बिजागऱ्या आल्या. शेठनं खंडूला केबिनमध्ये बोलावलं, पहिल्यांदाच चहा पाजला.

"घाटकोपरला तुझ्या नावानं गाळा घेऊ. मशीन माझं, माल माझा. तू फक्त सही कर. पगार दीडपट."

खंडू हरखून घरी आला. बायको, शकु, भाकऱ्या थापत होती. ऐकून म्हणाली, "सही तुमची, मग कारखाना त्यांचा कसा?"

"अगं, मशीन त्यांचं ना."

"आन् उद्या सरकारी माणूस आला तर धरणार कुणाला?"

खंडूला दोन दिवस जेवण गोड लागेना. तिसऱ्या दिवशी तो शेठला म्हणाला, "गाळा घेतो शेठ, पण माझा, खराखुरा. माल तुम्हालाच देईन. भाव मात्र मी सांगेन."

"मग उद्यापासून येऊ नकोस."

झालं, नोकरी गेली. फंडाचे पैसे आले, त्यातून खंडूनं जुना हातप्रेस आणला आणि घाटकोपरला भाड्यानं गाळा घेतला. नोंदणीसाठी सात महिने सरकारी कचेरीचे उंबरे झिजवले. दर खेपेला नवा कागद. शेवटी कुणी डिप्लोमा मागितला, तेव्हा तो चिडून म्हणाला, "डिप्लोमा नाही साहेब. चला, काम दाखवतो."

साहेब खरंच आले. खंडूनं डझनभर बिजागऱ्या काढून दाखवल्या. साहेबांनी हौसेनं प्रेसचा दांडा स्वतः ओढून पाहिला, सदरा तेलकट करून घेतला आणि हसत गेले. महिन्याभरात नोंदणी झाली. सरकारकडून मिळणारा पत्र्याचा कोटाही मंजूर झाला.

पुढच्या वर्षी उपनगरांत इमारतींवर इमारती उठू लागल्या. शेठकडे मागणी होती, वाढवायची परवानगी नव्हती. एके सकाळी ते स्वतः गाळ्यात येऊन उभे राहिले. खंडूनं स्टूल पुसून दिलं.

"भाव सांग."

खंडूनं सांगितला. शेठ कळवळले, थोडी घासाघीस केली आणि मान्य झाले. जाताना म्हणाले, "सरकारनं माझे हात बांधले रे."

"माझे सोडले, शेठ. पण पत्रा कधी वेळेवर देत नाही."

शेठ पहिल्यांदाच मोकळं हसले.

शहात्तर सालापर्यंत गाळ्यात चार प्रेस झाले होते. शकु वस्तीतल्या दोघींना घेऊन माल बांधे. कोटा लांबला की खंडू सरकारला शिव्या घाली. पत्रा आला की प्रेसवरच्या चौघा कामगारांना भजी मागवून गप्प कामाला लागे.