पहिल्या पंगतीच्या आधी

गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, भर दुपारी तीन वाजता, लिंबायत वस्तीतल्या रखमामावशीचा अपमान झाला; आणि तो मी केला. तुपात भिजलेल्या बट्ट्यांचा खरपूस, उष्ण दरवळ आला की ती दुपार अजून समोर उभी राहते. लग्नाच्या हॉलमधली शेवटची पंगत उठल्यावर, पातेल्यांच्या तळाशी उरलेलं वरण आणि बट्ट्या डब्यात भरून मी आमच्याच गल्लीत, मावशीकडे गेले होते. लूमची खाती, म्हणजे यंत्रमागांचे कारखाने, आठवडाभर बंद, चुली थंड, आणि माझी ती परोपकारी ऐट! मावशीने झाकण उघडलं, पुन्हा लावलं. "का वं माय, आमले उष्टं लई उनी का?" एवढंच. उपाशी गल्लीतल्या एकाही बाईने डब्याला हात लावला नाही.

उरलेलं म्हणजे उष्टं नव्हे, हे मी अन्नदानाच्या माझ्या पत्रकांत ठळक छापत होते. पण सगळ्यांची जेवणं आटोपल्यावर आलेल्या डब्याकडे पाहून ते पटणार कुणाला? आखाजीला आम्ही खानदेशी माणसं स्वतः घास घेण्याआधी पितरांसाठी विस्तवावर घास, आगारी टाकतो. गेलेल्यांचा वाटा सर्वांआधी, आणि जित्या भुकेचा सर्वांनंतर? ही कुठली रीत! सरकारी नियमही हात राखूनच बोलतात: दान केलेलं अन्न सुरक्षित हवं, कधी शिजवलं ते वर लिहायला हवं; पण द्याच, असं ते यजमानाला बजावत नाहीत. मग बजावायचं कुणी?

मावशीने! यंदाच्या आखाजीला त्याच हॉलच्या रसोड्यात ती सकाळीच ठाण मांडून बसली. दर लग्नात एक पातेलं जास्तच शिजतं आणि संध्याकाळी गटारात जातं, हे आचाऱ्यालाही पक्कं ठाऊक होतं, तरी तो गुरगुरला, "पहेला मेमान, मावशी!"

"मंग आमी कोन रे भाऊ, भांडी?"

पंगतींनंतर पाळी येते ती भांड्यांचीच; अख्खा रसोडा हसला, शेवटी आचारीही. पहिलं पान वाढण्याआधी ते पातेलं भरलं, झाकलं, वेळ लिहिली आणि गल्लीकडे निघालं. तिथे बायका पदर सावरून, मांडी घालून, हक्काने जेवल्या. दुसऱ्यांदा वरण मागून जेवल्या. माझ्या गठ्ठाभर पत्रकांना जे जमलं नाही ते मावशीच्या एका वाक्याने केलं, आणि मी तिच्या गल्लीची आहे, हे सांगताना माझी मान आपोआप ताठ होते.

तुमच्याकडेही कार्य ठरलंय ना? बट्ट्यांना तूप लागेल, तो दरवळ मांडवभर पसरेल. तेव्हा पाहुण्यांना बसवण्याआधी उठा, आणि एक पातेलं बाहेर काढा. आधी. नंतर नाही.