जेसपच्या दलदलीने दिलेली ओ

बेडकाला हाक मारायची ती घशातून नव्हे, बेंबीच्या देठापासून. घशातली हाक शेवाळावरून घसरून जाते, बेंबीतली हाक शेवाळात उतरते. हे ऑब्री टिन्डल तेवीस वर्षं सांगत आला होता, आणि स्नोई पर्वताच्या त्या माथ्यावर त्याचं म्हणणं खोडून काढणारा अजून कुणी निपजला नव्हता.

दर जानेवारीत, म्हणजे तिथल्या भर उन्हाळ्यात, बर्फ हटून आठ-दहा आठवडे झाले की, तो जेसपच्या दलदलीपाशी जाऊन उभा राही, श्वास भरून घेई आणि ओरडे, "ए बेडका!" शेवाळाच्या गादीत बीळ करून बसलेला, अंगठ्याच्या नखाएवढा, काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा नर त्यावर चिडे. त्याला वाटे, दुसरा कुणी आपल्या हद्दीत शिरला. तो आतून ओ देई, "अर्रक!" एक अर्रक म्हणजे एक बेडूक. मोजायचं, कागदावर मांडायचं आणि पुढच्या डबक्याकडे सरकायचं.

ऑब्री काही शिकलेला माणूस नव्हता. एकोणिसाव्या वर्षी तो डोंगरातल्या बोगद्यांत खडक फोडायच्या यंत्रावर लागला. चार वर्षं ते यंत्र त्याच्या खांद्याशी थरथरलं. पुढे तीस हिवाळे त्याने रस्त्यावरचं बर्फ सारणारी गाडी चालवली. बेडकांशी त्याची गाठ पडली ती एका पैजेवरून. राष्ट्रीय उद्यान सांभाळणाऱ्या पार्कवाल्यांचा एक माणूस गुत्त्यात सांगत होता की हे बेडूक ओरडलं की ओ देतात. ऑब्री म्हणाला, "ओरडायला मला पगार देत नाहीत, एवढंच काय ते." दुसऱ्या दिवशी त्याला दलदलीवर नेलं. त्याच्या पहिल्याच हाकेला चौदा बेडकांनी ओ दिली. इतरांना कधी पाच, कधी सहा मिळत. त्या दिवसापासून तो बेडूकवाला झाला. गुत्त्यात शिरला की कुणी ना कुणी विचारीच, "काय ऑब्री, आज बेडकीण काय म्हणाली?" आणि तो म्हणे, "तुझी चौकशी करत होती. म्हणाली, तिच्याकडे तुझ्याहून देखणे आहेत."

चौदाचे अकरा झाले, अकराचे सहा. बेडकांच्या कातडीला कसलासा रोग लागला होता, आणि रानघोड्यांचे कळप शेवाळ तुडवून त्याचा काळा राडा करत होते. म्हणून जेसपच्या दलदलीभोवती कुंपण आलं. कुंपणाबरोबर एक नियमही आला. लागोपाठ दोन उन्हाळे एकही ओ आली नाही, तर दलदल यादीतून उतरणार आणि कुंपण उखडून दुसरीकडे जाणार.

कुंपणाबाहेर बोटभर शेवाळ उरलं नव्हतं. कुंपण गेल्यावर आतलं किती दिवस टिकेल, हे ऑब्रीला कुणी सांगायची गरज नव्हती.

गेल्या उन्हाळ्यात तो एकटाच वर गेला होता. तिन्ही डबक्यांपाशी ओरडला. काहीच आलं नाही. पण काहीच न येणं त्याला एव्हाना घरातही ठाऊक झालं होतं. किटली शिट्टी मारून मारून कोरडी व्हायची आणि नोरीन, त्याची बायको, बागेतून धावत यायची. लाकडाच्या ट्रकचा भोंगा त्याला ऐकू आला नाही, त्या दिवसापासून गाडीची चावी तिच्याकडे गेली. तो दलदलीच्या काठाला बराच वेळ उभा राहिला. बेडूक गेले की आपले कान गेले? हे कुणाला विचारायचं, तर विचारण्याआधी कान गेल्याचं कबूल करावं लागणार. आदल्या वर्षी तीन बेडूक होते. त्याने कागदावर तीन लिहिले आणि डोंगर उतरला.

यंदा पार्कवाल्यांनी डॉक्टर थीया माव्रोसला बरोबर धाडलं. बेडकांची अभ्यासक, पंचेचाळिशीची, आखूड केसांची, कमी बोलणारी बाई.

नोरीनने दोघांना कुंपणाच्या फाटकाशी सोडलं. "मी इथेच बसते," ती खिडकीतून म्हणाली. "थर्मास आहे, शब्दकोडं आहे. आणि म्हाताऱ्या, थोरल्या भावाकडे लक्ष ठेव."

तीन भाऊ म्हणजे माथ्यावरचे तीन उभे खडक. त्यातल्या थोरल्याचं डोकं ढगात गेलं की उघड्या माळावर थांबायचं नाही, हे तिथल्या मेंढरांनाही कळतं.

रोग आत जाऊ नये म्हणून दोघांनी बादलीतल्या औषधात बूट बुचकळले आणि मग ती गवताच्या गड्ड्यांवर पाय टाकत, शेवाळ चुकवत, खालच्या डबक्याशी आली. आभाळ पश्चिमेला जांभळं पडलं होतं. थीयाने डोळे मिटले, मान कलती केली. ऑब्री ओरडला.

"ए बेडका!"

त्याने डबक्याकडे पाहिलंच नाही, तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. पाण्यावर माश्या घोंगावत असाव्यात. त्या दिसत होत्या, ऐकू येत नव्हत्या. थीयाने डोळे उघडले आणि मान हलवली.

"तुम्हाला?" तिने विचारलं.

"वारा आहे," ऑब्री म्हणाला.

वारा नव्हता. गवताचं पातं हलत नव्हतं. थीयाने गवताकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि ती पुढे चालू लागली.

मधल्या डबक्याशी तिने वही उघडली. "गेल्या वर्षीचे ते तीन कुठे होते?"

ऑब्रीने काठाकडे हात केला. "दोन इथे," तो म्हणाला. "त्या शेवाळाच्या कडेला. एक वरच्या डबक्यात."

तिने ते लिहून घेतलं. एका खोट्याची पिलावळ कशी वाढते, ते त्याने तिच्या पेन्सिलीच्या टोकाशी पाहिलं. तो ओरडला, पुन्हा ओरडला, मानेच्या शिरा तटतटून आल्या. थीयाची मान दोन्ही वेळा नकारार्थी हलली. कुंपणापलीकडे एक लाल घोडा येऊन उभा राहिला होता. त्याच्या मागे आठ-दहा घोड्या. तारेवरून मान पुढे काढून तो आतल्या हिरव्याकडे पाहत होता.

थीयाने माथ्याकडे बोट केलं. थोरल्या भावाला डोकं नव्हतं.

"निघू या," ती म्हणाली. "वरचं डबकं राहू दे."

"कोरं लिहिणार?"

"लिहीन. घाबरू नका, एक वर्ष कोरं गेलं तर काही होत नाही. गेल्या वर्षीचे तीन आहेत ना तुमचे? कुंपण राहतं." ती वही पिशवीत घालत होती. "आणि एप्रिलमध्ये प्राणिसंग्रहालयातून ऐंशी अंडी निघणार आहेत. इतर दोन दलदली मी नाकारल्या. इथे सोडणार. इथे तीन जगले म्हणजे इथल्या पाण्यात जगता येतं."

ऑब्री जागचा हलला नाही. गप्प राहायचं, एवढंच करायचं होतं. गप्प राहिलं की कुंपण राहत होतं, शेवाळ राहत होतं, आणि गुत्त्यातलं त्याचं नावही राहत होतं. फक्त ऐंशी अंडी, माणसांनी काचेमागे बसून वाढवलेल्या बेडकांची, त्याच्या एका आकड्यावर भरवसा ठेवून या पाण्यात येणार होती. पाणी कसं आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यालाही नव्हतं.

मेघ गरजला. त्याला तो कानात नाही, छातीत कळला.

"ते तीन मी ऐकले नव्हते," तो म्हणाला.

थीया थांबली. "म्हणजे?"

"म्हणजे काही आलंच नाही मला. बोगद्याने खाल्ले माझे कान, डॉक्टरीणबाई. मी ओरडलो, उभा राहिलो, आणि आदल्या वर्षी तीन होते म्हणून तीन लिहिले."

"एकच वर्ष? की त्याच्या आधीही?"

"एकच. आईशपथ."

"आईला मध्ये आणू नका!" तिचा आवाज इतका चढला की तो त्याला नीट ऐकू आला. "ऐंशी अंडी, ऑब्री! चार वर्षं लागली ऐंशी व्हायला. आणि आता कळतंय का काय केलंत? गेलं वर्ष कोरं, यंदाचं कोरं. दोन झाली. तोंड उघडलंत आणि कुंपण गेलं."

"कळतंय. म्हणून तर उघडायला इतका वेळ लागला."

लाल घोड्याने पुढचा खूर तारेवर आपटला.

"वरचं डबकं बाकी आहे," ऑब्री म्हणाला.

"वीज पडेल. झाड नाही वर एक."

"तुम्ही जा खाली. मी जातो वर." चार पावलं जाऊन तो वळला. "पण मग ऐकणार कोण?"

थीया आपल्या आजोळच्या ग्रीक भाषेत काहीतरी पुटपुटली आणि त्याच्या मागून निघाली. ते पुटपुटणं त्याला ऐकू आलं नाही हे बरंच झालं.

वरचं डबकं म्हणजे घोंगडीएवढं काळं पाणी, भोवती गुडघाभर उंच शेवाळ. पोचेपर्यंत मधल्या भावाचंही डोकं गेलं होतं. गारेचे पहिले खडे गवतात टपटपले. ऑब्रीने छाती भरली आणि जीव खाऊन ओरडला. थीयाची मान हलली. पुन्हा ओरडला. पुन्हा तेच.

पश्चिमेला वीज उभी चिरत गेली. "पुरे!" थीया म्हणाली. मग तिने एकाएकी त्याच्या दंडाला धरलं. "थांबा. तुम्ही किंचाळताय."

"हाक मारतोय मी."

"नाही, किंचाळताय. बारीक आवाजात, पोरीसारखं. पहिल्या डबक्यापासून. असा आवाज बेडकाला बेडकाचा कसा वाटेल? तो आणखी दबून बसेल!"

स्वतःची हाक त्याने शेवटची कधी ऐकली होती? ऐकू येत नाही म्हणून वर्षभर, दोन वर्षं, तो मोठ्याने बोलत आला होता. आणखी मोठ्याने, आणखी वरून. बेंबीतली हाक केव्हा घशात चढून बसली, ते त्याचं त्यालाच कळलं नव्हतं. अन् जगाला मात्र तो शिकवत होता.

त्याने कोटाची बटणं काढली आणि तळवा पोटावर ठेवला. हलक्या आवाजात एकदा बोलून पाहिलं. तळव्याला काही लागलं नाही. आणखी खाली उतरला. आणखी खाली. बोगद्यातलं यंत्र खडकाला भिडताना खांद्याला जशी थरथर येई, तशी तळव्याखाली आली, तेव्हा तो ओरडला.

"ए बेडका!"

थीयाचं एक बोट वर गेलं.

ऑब्रीने मान हलवली. "दयेपोटी सांगू नका."

"मी खोटे आकडे देत नाही," ती म्हणाली. हे त्याला लागलं, आणि लागावं म्हणूनच ती बोलली होती. "पुन्हा मारा."

तळव्याखाली थरथर, मग हाक. तो थांबला. तिचं बोट वर गेलं. त्याने मुद्दाम हाक न मारता नुसतं तोंड उघडून मिटलं. बोट खालीच राहिलं. हाक मारली, बोट वर गेलं. त्या बोटाकडे पाहता पाहता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, की गार वितळून उतरली, हे त्याने पुढे कुणालाही सांगितलं नाही.

"दुसराही असेल," गारांच्या माऱ्यात थीया ओरडली. "की मेघच तो. नाही लिहिणार. एक!"

मग दोघं पळाली. सदुसष्टाव्या वर्षी ऑब्री गवताच्या गड्ड्यांवरून पळाला, दोनदा पडला, पण शेवाळावर पाय पडू दिला नाही. मागे माथ्यावर वीज कडाडली, तेव्हा दोघं फाटकाच्या आत झुकलेल्या स्नो गमच्या, म्हणजे डोंगरी निलगिरीच्या, झाडांत पोचली होती. लाल घोडा आपला कळप घेऊन केव्हाच खाली गेला होता.

नोरीनने दार उघडून धरलं. "किती?"

"एक," थीया म्हणाली.

"आणि गेल्या वर्षी?" नोरीनने नवऱ्याकडे पाहून, चांगल्या खणखणीत आवाजात विचारलं.

ऑब्रीने डोक्यावरचे गारेचे कण झाडले. "तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला लागतं? तीन बेडूक ऐकलेला माणूस घरी येऊन तीन दिवस तेच तेच सांगतो. तू आलास आणि न बोलता चिमणी साफ करायला घेतलीस."

थीया गाडीतच कागद भरायला बसली. गेल्या वर्षीच्या तीनवर तिने आडवी रेघ मारली. "हे मला वर कळवावं लागेल," ती म्हणाली. "तुमचं नाव मोजणाऱ्यांतून निघेल."

"निघू दे. दलदलीचं?"

"राहिलं. या वर्षापुरतं. अंड्यांचं मात्र पाणी तपासल्याशिवाय ठरणार नाही." पेन्सिल घुटमळली. "ऐकणारी म्हणून माझं नाव लिहिते."

"बरोबर आहे."

"पुढच्या जानेवारीत मी येईन ऐकायला. ओरडायला कुणीतरी लागेल. त्याला नाव लागत नाही, आवाज लागतो."

नोरीनने गाडी वळवली, आणि समोरच्या खणातून एक लहान डबी काढून त्याच्या मांडीवर टाकली. कानाच्या डॉक्टरने दीड वर्षापूर्वी दिलेलं कानाचं यंत्र होतं ते. ऑब्रीने डबी उघडली, पाहिली, मिटली आणि खिशात ठेवली. उतार लागला. काचेवर गारा फुटत होत्या. त्याने कोटाच्या आत हात घातला, तळवा पोटावर ठेवला, आणि ओठ न उघडता थरथर शोधू लागला.

"आता गाडीत बेडूक आहे काय?" नोरीन म्हणाली.

"गप्प बस," तो म्हणाला. "सापडतोय."